घाडीकाकांची जीभ

घाडीकाकांना कुठलीही गोष्ट पटायला ती आधी जिभेवर ठेवावी लागे. नवा खराटा घेताना ते त्याची एक काडी मोडून दाताखाली धरत. हिरवट चव आली तर खराटा परत. "ओलो बांधलेलो असा," ते दुकानदाराला सांगत, "महिन्याभरात झडतलो." नळाला पाणी आलं की पहिली ओंजळ त्यांची, आणि मग सगळ्या चाळीला बातमी दिल्यासारखं, "आज माती असा, कोणी पिव नकात." रेशनच्या दुकानातला माणूस तर त्यांना रांगेत बघूनच तांदळाच्या पोत्यावर हात ठेवायचा. "काका, चावू नका, हात जोडतो. तुम्ही तोंड वाकडं केलंत की मागची सगळी रांग माझ्याशी भांडते."

आम्ही मालाड पूर्वेला राहतो. आमच्या खोलीला लागून घाडीकाका आणि काकींची खोली होती. मधली भिंत इतकी पातळ की काकींनी फोडणी दिली की माझ्या आईला ठसका लागायचा. काका मूळचे कोकणातले, खाडीकाठच्या गावचे. गिरणीत ते कापसाच्या गाठी फोडतात त्या खात्यात होते. तिथे दिवसभर हवेत कापूस उडत असतो. त्यामुळे ते खोकत, आणि यंत्रांच्या आवाजाची सवय म्हणून बोलत मोठ्यानं. गिरणी बंद पडल्यावर दोन वर्षं ते घरी होते. मग कोणाच्या तरी ओळखीनं गोरेगावच्या एका स्टुडिओत लागले. काम काय, तर बर्फ उचलायचं.

हे मी कॉलेजातल्या मैत्रिणींना सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं मी चेष्टा करते. पण ते खरं होतं. सिनेमात बर्फ पडतो तो इथेच पडतो. कधी कापसाचा, कधी थर्माकोलच्या चुऱ्याचा, कधी फेसाचा, आणि जमिनीवर जाड थर हवा असला तर मिठाचा. बर्फ टाकायला सगळे पुढे असतात. शूटिंग संपलं की तो काढायचा कोणी, हा प्रश्न पडतो. काकांनी त्यांच्या गिरणीतले सात-आठ जण जमवले होते, त्यांत तीन बायका. चाळीतले लोक सकाळी जिन्यात त्यांना विचारायचे, "काय काका, आज काश्मीर की शिमला?" काका न थांबता सांगायचे, "आज गोरेगाव. थंडी मोप असा, कोट घालून येवा."

त्यांचं सगळं कौशल्य हत्यार निवडण्यात होतं. कुठला बर्फ कशानं काढायचा याचे त्यांचे ठरलेले नियम होते. कापूस हातानं वेचायचा. फेस लाकडी पट्टीनं ओढायचा. थर्माकोल ओल्या पोत्यानं टिपायचा, झाडायचा कधीच नाही. आणि पंखा तर अजिबात नाही. स्टुडिओत वादळासाठी माणसाएवढा मोठा पंखा असतो. पहिल्याच वर्षी तिथल्या मॅनेजरनं, ज्याला सगळे बॉबीसाहेब म्हणत, तो पंखा थर्माकोल उडवायला लावला होता. काका नको नको म्हणत राहिले. पाच मिनिटांत जमीन स्वच्छ झाली, बॉबीसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग शेजारच्या सेटवरून आरडाओरडा ऐकू आला. तिथे लग्नाची पंगत मांडली होती. श्रीखंडावर, जिलबीवर, नवरदेवाच्या फेट्यावर, सगळीकडे बर्फ.

हा किस्सा काका आमच्या दारात बसून सांगत आणि शेवटी बोट वर करून म्हणत, "वाऱ्यान उडवलेला खंय जाणा नाय गो बाय. बाजूक जावन बसता." गिरणीतल्या कापसानं त्यांना हे शिकवलं होतं. तो कापूस जाऊन कुठे बसला होता ते त्यांच्या खोकल्यावरून कळायचंच.

मला ते बाय म्हणत. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील रंगाच्या कारखान्यात, आई चौथी शिकलेली. मी सायन्सला गेले तेव्हा चाळीत सगळ्यांत जास्त आनंद बहुतेक काकांनाच झाला. मी प्रॅक्टिकलची वही लिहीत बसले की ते दारातून विचारत, "आज काय उकळलास?" मी सांगे. त्यांना कळो न कळो, पूर्ण ऐकून घेत. मला कॉलेजात कोणाशी बोलायची भीती वाटायची. सरांना शंका विचारायला मी उठायची आणि तशीच बसायची. काकांसमोर मात्र बोलता यायचं.

चव घेऊन बघायची खोड त्यांना कुठून लागली ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांच्या गावी खाडीच्या कडेला भातशेती होती. समुद्राचं पाणी आत येऊ नये म्हणून मातीचा बांध. ते दहा-अकरा वर्षांचे असताना एका मोठ्या उधाणात बांध फुटला आणि खारं पाणी शेतात शिरलं. पाणी ओसरलं, पण मीठ राहिलं. त्यानंतर दरवर्षी पेरणीच्या आधी त्यांचे वडील शेताच्या मधोमध उकिडवे बसत, चिमूटभर चिखल जिभेवर ठेवत आणि थोडा वेळ डोळे मिटून राहत. खारट लागला की थुंकत. गोड लागला तर गिळायचा आणि पेरायचं, अशी तिथली रीतच होती. सगळं घर बांधावर उभं राहून बघत असे.

"किती वर्षं थुंकले?" मी विचारलं.

"मी मुंबैक येयपर्यंत," काका म्हणाले, आणि उठून आत गेले.

पुढे मढ बेटावर एक काम आलं, त्याच्या आधी काही महिने त्यांचा रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी मीठ बंद केलं. काकी त्यांचं वेगळं आळणी रांधू लागल्या. काकांनी तक्रार केली नाही. उलट ऐट मिरवली. "आता माझी जीभ बाळाची झाली. तांब्याभर पाण्यात मिठाचो एक खडो टाका, सांगतंय."

मढचं काम जानेवारीच्या शेवटी आलं. समुद्राजवळ एक बंगला होता, शूटिंगला भाड्यानं देत. फाटकापासून पोर्चपर्यंत खडी घातलेला लांबच लांब रस्ता, दोनशे पावलं तरी असेल. सिनेमात तो बंगला डोंगरातला दाखवायचा होता आणि नायिकेची गाडी बर्फातून येणार होती. मुलुंडच्या मिठागरातून तीन ट्रक मीठ आणलं. मीठ टाकायच्या आदल्या दिवशी काका जागा बघायला गेले तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, खाली ताडपत्री घाला. पण चाकाखाली खडी वाजली पाहिजे, चाकोरीतून दिसली पाहिजे, म्हणून डायरेक्टरनं ती नको म्हटलं.

फाटकाच्या बाहेर, रस्त्याच्या उतारालाच, एक विहीर होती. गावठाणातली पंधरा-वीस घरं त्या विहिरीचं पाणी पीत. एवढ्या जवळ समुद्र असूनही पाणी गोड. ते काकांना कसं कळलं हे सांगायला नको. तिथे पाणी भरत असलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं त्यांना हटकलं. फिलूमावशी तिचं नाव, नवरा होडीवर होता, आता नाही. ती म्हणाली, "काय रे, चव कसली बघतोस? विकत घेणारेस का?"

काकांनी मिठाचं सांगितलं. ती कमरेवर हात ठेवून ऐकत राहिली. मग म्हणाली, "शिनेमा तुमचा, बर्फ तुमचा. पाणी आमचं आहे. तेवढं ध्यानात ठेव."

"मावशी, एक दाणो ऱ्हवाचो नाय. माझो शब्द."

"तुझं नाव काय?"

"घाडी."

"बरं. नाव लक्षात ठेवते मी."

हे सगळं त्यांनी घरी येऊन काकींना सांगितलं आणि भिंतीपलीकडून मी ऐकलं. त्या आठवड्यात त्यांच्या घरात दुसरा विषय नव्हता. बॉबीसाहेबांना पाण्याचा टँकर आणि होज पाइप लावायचा होता. अर्ध्या दिवसाचं काम. काकांनी त्यांना सांगितलं, "साहेब, पानी मारेगा तो नमक जायेगा किधर? नीचे. और नीचे बावडी है." मग बॉबीसाहेब म्हणाले, पंखा लावू. काकांनी नुसतं श्रीखंड म्हटलं आणि तो विषय मिटला. मग बुलडोझर निघाला. त्याचं पातं खडीसकट सगळं खरवडून नेईल, पण खडी बंगलेवाल्याची, ती परत अंथरून द्यायची होती. झाडूनं खडीत अडकलेलं मीठ निघत नाही, आणखी खाली जातं. नुसत्या फावड्यानं मीठ कमी आणि खडी जास्त येते.

शेवटी काकांनी ठरवलं ते असं. वरचा थर फळीनं ओढून पोत्यांत भरायचा. मग लोखंडी पंजानं खडी उकरायची, आणि इमारतीच्या कामावर वाळू चाळतात तसली उभी जाळीची चाळण लावून त्यावर ती फेकायची. मीठ बारीक, ते जाळीतून खाली ताडपत्रीवर पडेल. खडी अलीकडे राहील. मग खडीखालची माती खरवडायची, जिथवर खारट लागेल तिथवर. आणि मग खडी परत घालायची. चार दिवस लागतील, म्हणाले.

"दो दिन," बॉबीसाहेब म्हणाले. सोमवारी बंगला दुसऱ्या कंपनीला दिला होता.

काका हो म्हणाले. का म्हणाले ते मला आज कळतं. नाही म्हटलं असतं तर टँकरच लागला असता.

कामाच्या आदल्या संध्याकाळी ते आमच्या दारात आले. नेहमीसारखे बसले नाहीत, उभेच राहिले. "बाय, तुमच्या कॉलेजात मीठ वळखूचा काय औषध असता काय गो?"

असतं. सिल्व्हर नायट्रेट. मीठ असलेल्या पाण्यात त्याचे दोन थेंब टाकले की पांढरा साका बसतो. आम्ही पहिल्याच सत्रात केलं होतं. मी त्यांना सांगितलं. त्यांचे डोळे मोठे झाले.

"मिळात काय थोडा?"

"महाग असतं काका. सरांना विचारावं लागेल."

"विचारशीत?"

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी शनिवारी प्रॅक्टिकल होतं. सर टेबलाशी होते, मी दोनदा त्यांच्यापर्यंत गेले. एकदा ते दुसऱ्या मुलाशी बोलत होते. दुसऱ्यांदा त्यांनी वर बघितलं आणि "काय?" म्हणाले, आणि मी वहीवर सही मागितली. संध्याकाळी काकांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, सर आज आले नव्हते. काका म्हणाले, "ऱ्हवांदे. जीभ असा माझी."

रविवारी काकींबरोबर मी मढला गेले. त्या सगळ्यांचं जेवण घेऊन निघाल्या होत्या, दोन हातांत मावत नव्हतं. मालाडहून बस पकडली. बसमधून उतरल्यावर लांबूनच तो रस्ता दिसला. अर्धा काळा, अर्धा पांढरा. ऊन असं होतं की पांढऱ्याकडे बघवत नव्हतं. आठही जणांच्या तोंडाला फडकी बांधलेली, भुवया पांढऱ्या झालेल्या. चाळणीवर खडी आपटल्याचा आवाज सारखा चालू होता. बोटांना चिरा पडून त्यांत मीठ गेलेलं, म्हणून बायकांनी हाताला चिंध्या गुंडाळल्या होत्या. आणि काका त्या सगळ्यांच्या मागून उकिडवे सरकत होते. हातभर पुढे जायचं, मातीची चिमूट, जिभेवर, डोळे मिटायचे, थुंकायचं. "अजून काढ." पुन्हा चिमूट. "अजून काढ." कधीतरी गिळायचे आणि पुढे सरकायचे. समुद्राच्या दमट हवेनं मीठ रात्रीत पाझरून खाली गेलं होतं, वाटलं होतं त्यापेक्षा खोल. काम मागे पडलं होतं.

जेवायला बसले ते फाटकाजवळच्या सावलीत. काकींनी सगळ्यांना वालाची उसळ आणि भात वाढला. काकांचा आळणी डबा वेगळा. दोन घास झाले असतील, इतक्यात सुलोचना नावाची बाई होती तिनं तोंड वाकडं केलं.

"काकी, मीठ इसरलात."

"माझ्या पानात हाय की," तिच्या शेजारचा म्हणाला.

"माझ्या नाय."

काकींनी चाखून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "गे बाय माझे! डबो बदललो." म्हणजे काकांच्या डब्यातली आळणी उसळ सुलोचनाच्या पानात गेली होती आणि मीठ घातलेली काकांच्या. सगळ्यांनी काकांकडे बघितलं. त्यांचं पान चाटून पुसून साफ झालेलं.

"अवो, तुमका कळला नाय?"

"काय?"

"मीठ होता जेवणात!"

"खंय? रोजच्यासारखाच आळणी होता."

एकच हशा पिकला. सुलोचना म्हणाली, "तीन ट्रक मीठ रस्त्यावर, आणि माझ्या ताटात चिमूट नाय!" काकासुद्धा हसले. हसता हसता त्यांना खोकला आला, काकींनी पाणी दिलं. मीही हसले.

हसण्यासारखं ते नव्हतं, हे नंतर माझ्या लक्षात आलं. ऊन उतरत होतं. काम फाटकाजवळ पोचलं होतं, शेवटचा वीसेक पावलांचा तुकडा राहिला होता, उतारावरचा, ज्याच्या पलीकडे विहीर. बॉबीसाहेब येऊन घड्याळ दाखवून गेले होते. माणसांचे हात चालत नव्हते. काकांनी चिमूट घेतली, जिभेवर ठेवली, डोळे मिटले. सगळे पंजा धरून उभे, त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आणि काकांनी गिळलं.

"बस. घाला खडी."

सुलोचना मटकन खालीच बसली. कोणीतरी "सुटलो" म्हणालं. मी काकींच्या शेजारी रिकामे डबे घेऊन उभी होते. आणि माझ्या मनात ती उसळ आली. ज्या माणसाला दुपारी पानातलं मीठ कळलं नाही त्याला आता मातीतलं कसं कळेल? दोन दिवस हवेत मीठ, ओठांवर मीठ, तोंडात शेकडो चिमटी. ती जीभ सकाळीच कधीतरी बधिर झाली असणार. इतकं साधं होतं. मी काकींकडे बघितलं. त्या डब्यांचा कपडा बांधत होत्या. म्हणावं का? आठ दमलेली माणसं, काका मोठे, मी कोण. एक पाऊल पुढे टाकलं मी. काकांनी बघितलं आणि विचारलं, "काय गो बाय?"

"काही नाही," मी म्हटलं. "बस चुकेल आपली."

खडी घातली गेली. दुसऱ्या दिवशीपासून बंगल्याचा माळी धूळ बसावी म्हणून रोजच्यासारखं रस्त्यावर पाणी मारू लागला.

तीन आठवड्यांनी एका रविवारी काका आपणहून मढला गेले. परत आले ते सरळ आत गेले. भिंतीपलीकडून काकींचा आवाज येत होता, त्यांचा नाही. मग काकीच आमच्याकडे आल्या आणि आईला म्हणाल्या, "बावडी गेली." फिलूमावशीनं भांडण केलं नव्हतं. तिनं त्यांच्यासमोर तांब्या धरला होता आणि म्हणाली होती, "घे घाडी. नाव लक्षात होतं माझ्या." त्यांनी घोट घेतला. इतक्या दिवसांत जीभ ताळ्यावर आली होती. या वेळी जिभेनं बरोबर सांगितलं, पाणी खारट होतं.

बॉबीसाहेब म्हणाले, समुद्राजवळची विहीर, खारट व्हायचीच. स्टुडिओत इतर सगळेही तेच म्हणाले. काकांना ते मानता आलं असतं. कोणी त्यांना दोष देत नव्हतं.

त्या सोमवारी मी कॉलेजात सरांना सिल्व्हर नायट्रेट मागितलं. कशाला हवं तेही सांगितलं. त्यांनी लगेच लहान तपकिरी बाटलीत काढून दिलं. "एवढंच ना? मग आधी का नाही आलीस?" ते सहज म्हणाले असतील. काकांनी विहिरीचं पाणी आणलं होतं. मी त्यांच्या खोलीत काचेच्या दोन पेल्यांत आपल्या नळाचं आणि विहिरीचं पाणी घेतलं आणि दोन-दोन थेंब टाकले. नळाचं पाणी जरासं धुरकट झालं. विहिरीच्या पाण्यात दही विरजल्यासारखा पांढरा साका उतरला. काका गुडघ्यांवर हात ठेवून बराच वेळ बघत होते.

"ह्या किती दिवसान जाईत?"

पुस्तकात तसं काही नव्हतं.

त्यानंतर त्यांनी चव घेणं सोडलं. नळाची पहिली ओंजळ घेतली नाही. खराटा घ्यायला गेले तर देतील तो उचलून आणला. रेशनवाल्यानं सुद्धा विचारलं, "काका, बरं नाही का?" बर्फाची कामं त्यांनी सुलोचनावर सोपवली आणि स्वतः रविवारी मढला जाऊ लागले. वॉचमननं ओळखीनं आत सोडलं तर फाटकाजवळची खडी उपसून खालची माती खरवडत आणि पोत्यात भरून खाडीकडे नेऊन टाकत. एकटेच. विहिरीचं पाणी पोहऱ्यानं उपसत आणि लांब, खालच्या बाजूला ओतत, नवे झरे फुटावेत म्हणून. आणि परत निघायच्या आधी पलीकडच्या दुसऱ्या विहिरीवरून खांद्यावर कावड घेऊन फिलूमावशीच्या घरचं पाणी भरत. काकी सांगत, पहिले काही आठवडे मावशी त्यांच्याशी बोलत नव्हती, फक्त हंडा दाराबाहेर ठेवायची. नंतर हंड्याशेजारी चहाही ठेवायला लागली. काकांचा श्वास त्या वर्षी फार वाढला. डॉक्टर रागावले. माझे वडीलही समजवायला गेले. "काका, एक पावसाळा जाऊ दे, आपोआप धुऊन निघेल."

"माझो बापूस तसाच म्हणायचो," काका म्हणाले.

पावसाळा गेला. पुढच्या जानेवारीत काकींनी गावी जायचं ठरवलं, कायमचंच. खोली दिली. जायच्या आदल्या रविवारी काका मला म्हणाले, "येतंस मढाक?" मी आता दुसऱ्या वर्षाला होते. ती तपकिरी बाटली मी पर्समध्ये घातली.

बंगल्यात कुठलं तरी शूटिंग चालू होतं, फाटक बंद होतं. विहिरीवर कोणी नव्हतं. काका कठड्याशी टेकून दम खात राहिले. मग म्हणाले, माझ्याकडे न बघता, "त्या दिवशी जेवताना सगळे हसले. तेव्हाच माका कळाक होया होता."

मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"तुका कळलला?"

मी मान हलवली. हो. सरांचंही सांगितलं, ते त्या शनिवारी कॉलेजात होते हे.

काकांनी ऐकून घेतलं, माझी प्रॅक्टिकलची वही ऐकत तसं, पूर्ण. मग एवढंच म्हणाले, "सांगूक होया होता, बाय."

त्यांनी पोहरा सोडला. तो खाली आपटल्याचा आवाज आला. ओढताना मध्ये दोनदा थांबले. मी हात लावायला गेले तर मानेनंच नको म्हणाले. वर आल्यावर त्यांनी पेला भरला. मी पर्स उघडून बाटली काढायला लागले.

"ता नको," ते म्हणाले. पेला माझ्यापुढे धरला. "आता सांग."

पाणी थंड होतं. मी ते जिभेवर धरलं आणि डोळे मिटले. पहिल्यांदा काहीच नाही. गोड आहे असं वाटलं, वाटावं अशी इच्छाही होती, आणि काका उद्या गावी जाणार होते. मग जिभेच्या कडांना ते आलं. अगदी थोडं, पण होतं.

मी डोळे उघडले. काका माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी बाजूला वळून थुंकले.

त्यांनी मान हलवली. पोहऱ्यातलं उरलेलं पाणी चार पावलं दूर नेऊन उताराच्या खालच्या अंगाला ओतलं, परत आले, आणि दोर पुन्हा विहिरीत सोडला.